सात कोंबड्यांना शंभर डोसची बाटली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात परसातल्या कोंबड्यांवर लेख आला होता, घरबसल्या अंडी नि घरबसल्या पैसा अशा थाटाचा. फोटो मस्त होता, हिरवंगार आवार नि त्यात पांढऱ्याशुभ्र कोंबड्या. आमच्या कोंबड्या अशा पांढऱ्या राहिल्या असत्या तर बायकोने मला ओवाळलं असतं. लेखात खुराड्याचं माप होतं, खाद्याचा हिशोब होता, सगळं होतं, पण लसीबद्दल फक्त एक ओळ, 'वेळेवर लसीकरण करावे'. त्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, कापलंत तरी चालेल पण लसीचं तेवढं ठेवा.

मी डोंबिवलीत तीस वर्षं नोकरी केली आणि २०२० ला रिटायर होऊन आम्ही दोघं गावी आलो, लांजा तालुक्यात. लॉकडाऊन होतं, करायला काही नव्हतं, दुसऱ्या वर्षी बाजारातून पाच तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, हा शब्द मला तेव्हाच परत आठवला, डोंबिवलीत कशाला लागतोय. आज माझ्याकडे सात कोंबड्या नि एक कोंबडा आहे. नावं ठेवायची नाहीत असं ठरवलं होतं पण ती आपोआप पडतात. एक बोडक्या मानेची आहे ती बोडकी, एक काळी, एक चितकी, आणि सगळ्यांच्या वर मास्तरीण. मास्तरीण आकाराने सगळ्यात लहान आहे पण कणी टाकली की पहिली चोच तिची, मधे कोण आलं तर डोक्यात एक टोच, बास. कोंबड्यांमधे कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, हे एका नॉर्वेच्या माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी अभ्यास करून मांडलं म्हणे, आमच्या आईला ते बिनअभ्यासाचंच माहीत होतं. कोंबड्याला आम्ही भाऊसाहेब म्हणतो. तो पहाटे चारला सुरू होतो, आणि किडा सापडला तर स्वतः न खाता कुकूक करून बायकांना बोलावतो, हे बघून आमची ही माझ्याकडे बघते.

दिवस कसा असतो सांगतो कारण लोकांना वाटतं की दाणे टाकले आणि अंडी उचलली. सहाला खुराडं उघडायचं, सगळ्या एकदम बाहेर पडतात नि पहिली पाच मिनिटं नुसती पंख झाडाझाड. मग पाण्याचं भांडं घासायचं, रोज, कारण त्या त्यातच पाय घालतात. खुराड्यातलं तूस उपसून माडाच्या आळ्यात टाकायचं, पावसाळ्यात हे काम दुप्पट, ओलं राहिलं की डोळे झोंबतील असा वास सुटतो. गिरणीवरची कणी, उरलेला भात, पपईची सालं, नि त्यांचीच अंड्यांची टरफलं भाजून चुरून, नाहीतर पातळ कवचाची अंडी घालतात. पण त्यांना खरा आनंद होतो वाळवीचा. कुजका ओंडका उलटा केला की जी काही धावपळ होते ती बघायला मी खुर्ची घेऊन बसतो, टीव्ही त्यापुढे काही नाही. मिरचीची रोपं मात्र तीन वेळा लावली नि तीन वेळा उकरली, आता बागेला जाळी आहे आणि कोंबड्या मोकळ्या, म्हणजे पिंजऱ्यात कोण ते तुम्हीच ठरवा.

अंड्यांचं म्हणाल तर आमच्या गावठीला वर्षाला साठ-ऐंशी अंडी झाली तर झाली. पोल्ट्रीतली कोंबडी तीनशे देते, तिच्याशी तुलनाच नको. त्यात पावसाळा संपता संपता पिसं झडायला लागतात, दिवस लहान होतो, मग महिना दोन महिने अंडं नाही, आणि नेमका त्याच वेळी मुंबईहून कोणीतरी येऊन विचारतो की गावठी अंडी नाहीत का? शिवाय घालायची जागा त्या ठरवणार. मागे चितकी अंडीच देईना म्हणून मी तिला म्हातारी ठरवून टाकली होती, मग लाकडं काढताना लाकडांच्या मागे चौदा अंडी सापडली, पाण्यात टाकली तर सहा तरंगली, बाकीची खाल्ली.

मास्तरीण वर्षातून दोनदा खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. एकदा बसली की हात घातला तर टोचते, आवाजच बदलतो तिचा. मग डालग्याखाली पेंढा घालून नऊ-दहा अंड्यांवर तिला रवणीवर बसवायची. गडगडाटाने अंडी फुकट जातात असं म्हणतात म्हणून बायको त्यात एक लोखंडी खिळा ठेवते, मी हसत नाही कारण हसून एकदा बघितलंय. एकवीस दिवस ती बाई दिवसातून एकदाच उठते, पाणी, चार दाणे, परत बसली. सातव्या दिवशी रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं की चांगल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. नातू मे महिन्यात आला होता तेव्हा त्याने हे पाहिलं आणि रात्री उशिरापर्यंत झोपला नाही. याच नातवाला आधी स्टेशनबाहेर दहा रुपयाला गुलाबी रंगाचं पिल्लू घेऊन दिलं होतं, तीन दिवसांत गेलं. ती रंगीत पिल्लं म्हणजे बहुतेक करून हॅचरीत नको झालेले नर असतात, आईची ऊब नाही काही नाही, कृपा करून घेऊ नका. असो, विषय तो नाही.

विषय मानमोडीचा आहे, कोंबड्यांच्या रोगाचा. २०२३ च्या एप्रिलमधे माझ्याकडे अकरा पक्षी होते. एक दिवस एक तलंग कोपऱ्यात पिसं फुलवून बसली, खाईना, हिरवट पातळ हगली, तोंड उघडून श्वास घेत होती. मला वाटलं उन्हाचं आहे, गुळाचं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि आणखी दोघींची मान वाकडी झाली. वाकडी म्हणजे अशी की डोकं पाठीवर उलटं पडतं नि त्या गोल गोल फिरत राहतात, बघवत नाही. सहा दिवसांत नऊ गेल्या. राहिल्या मास्तरीण नि काळी. शेजारच्या काकींकडच्या सगळ्या गेल्या, वरच्या घरच्यांच्या पण. वाडीत लगेच बर्ड फ्लू बर्ड फ्लू सुरू झालं, २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या कशा मारून टाकल्या ते लोकांच्या डोक्यात आहे, आमच्याकडची अंडी तर सोडाच पण आमच्याकडचा चहा पण लोक विचार करून घ्यायला लागले. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते स्वतः आले, एक मेलेली कोंबडी उघडून पोटाजवळच्या भागावरचे रक्ताचे बारीक ठिपके दाखवले आणि म्हणाले लक्षणं रानीखेतची, म्हणजे आपल्या मानमोडीची आहेत, तरी खात्रीला नमुना पाठवतो. पाठवला, रानीखेतच निघाला. मेलेल्या चुना टाकून खोल पुरायला लावल्या. औषध नाही याला, ते म्हणाले, लस आहे फक्त.

रानीखेत हे उत्तराखंडातलं गाव, आपल्या देशात जवळपास शंभर वर्षांपूर्वी हा रोग तिथे ओळखला म्हणून ते नाव. मोठ्या कोंबड्यांना जी आरटूबी लस देतात तिचं वाण त्याच डोंगरात, जवळच्या मुक्तेश्वरला तयार झालं. मानमोडी हा आपला शब्द तर १९१८ च्या तापाच्या साथीलाही लोकांनी वापरला होता, माझी आजी त्या साथीबद्दल बोलायची तेव्हा मला वाटायचं कोंबड्यांबद्दलच बोलतेय. सांगायचं काय, की रोग जुना, लस जुनी, कोणाला काही नवीन शोधायचं नाहीये.

मग मी पावसानंतर परत पिल्लं केली आणि लस आणायला गेलो. दवाखान्यात विचारलं तर समोरच्याने विचारलं किती पक्षी, म्हटलं आठ, तो हसला. लसीची बाटली शंभर डोसची येते, त्याहून मोठ्या पण असतात, पण आठची येत नाही. बाटलीतली ती पावडर थंड द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली उद्या वापरू असं चालत नाही. ही लस डोळ्यात घालतात, पक्ष्याला एक थेंब, म्हणजे माझ्या आठ थेंबांसाठी ब्याण्णव थेंब फेकायचे. आणि ती फ्रिजमधून बर्फातच आणायला पाहिजे, मी पहिल्यांदा आणली ती एस्टीने प्लास्टिकच्या पिशवीत, दीड तास, डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले तुम्ही कोंबड्यांच्या डोळ्यात पाणी घातलंत. पोल्ट्रीवाल्याला हा प्रॉब्लेम नाही, त्याच्याकडे पाच हजार पक्षी एका छपराखाली. पण २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त. या सगळ्या अशाच आहेत, कोणाकडे चार, कोणाकडे दहा, बहुतेक घरातल्या बाईच्या. गायीला लाळ्या-खुरकुताची लस टोचायला माणूस गोठ्यात येतो, कानात पिवळा बिल्ला मारून नंबर लिहून जातो, चांगलंच आहे, पण त्याच गोठ्यात पायाखाली फिरणाऱ्या कोंबडीकडे तो बघत पण नाही.

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की शंभर पक्षी गोळा करा, मी बर्फ घालून बाटली पाठवतो. मी नि काकी घरोघर फिरलो. चौदा घरं, त्र्याऐंशी पक्षी. निम्म्या लोकांना वाटलं मी मोजायला आलोय म्हणजे कसलातरी टॅक्स लागणार, दोघांनी आकडा कमी सांगितला. २०२४ च्या जानेवारीत संध्याकाळी सुरू केलं, कारण अंधार पडला की कोंबडी खुराड्यात गप्प बसते, हाताला लागते, दिवसा पकडायला गेलात तर तुम्हालाच लस लागेल. एकाने धरायची, दुसऱ्याने डोळ्यात एक थेंब टाकायचा, तिने डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं, पुढची. आईस्क्रीमच्या डब्यात बर्फ नि बर्फात बाटली, पोरं टॉर्च घेऊन पुढे नि वहीवर काट्या मारतायत. वरच्या घरचा एक कोंबडा फणसावर चढला तो उतरलाच नाही, त्याच्यासाठी म्हणून एक थेंब ठेवला होता तो शेवटी फुकट गेला. एक तास चाळीस मिनिटांत सगळी वाडी झाली. पुढे आठ आठवड्यांवरच्या पक्ष्यांना आरटूबीचं इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः येऊन दिलं, जंताचं औषध आठवडाभर आधी. त्यानंतर दर थोड्या महिन्यांनी ते सांगतील तसं करतो. खालच्या वाडीत गेल्या उन्हाळ्यात मानमोडी आली, आमच्याकडे एक पक्षी गेला, तो मुंगसाने नेला. यात नशिबाचा भाग किती ते मला माहीत नाही पण मी तरी लस चुकवणार नाही.

आता माझं म्हणणं. हे आमच्या वाडीत झालं कारण डॉक्टर भला माणूस आहे नि मी रिकामटेकडा आहे. प्रत्येक वाडीत असा रिकामटेकडा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीने नि पशुवैद्यकीय दवाखान्याने मिळून प्रत्येक वाडीची एक संध्याकाळ ठरवून टाकावी, उन्हाळ्याच्या आधी एकदा तरी नक्की. गावोगावी बचत गटांच्या पशुसखी आहेत, म्हणजे जनावरांची साधी देखभाल शिकलेल्या बायका, त्यांना एक बर्फाचा डबा नि डोळ्यात थेंब टाकायचं ट्रेनिंग द्या, दर पक्ष्यामागे दोन-तीन रुपये लोक आनंदाने देतील, अंडं काय भावाने जातं ते त्यांना माहीत आहे. छोटी बाटली काढणं कंपन्यांना परवडत नसेल तर नसू दे, वाडी एकत्र आली की शंभरची बाटली पुरते, आमच्याकडे तर आता कमी पडते, मागच्या वेळी एकशे बारा पक्षी झाले नि दोन बाटल्या आणायला लागल्या.

आणि तुमच्याकडे एक मागणं, तुम्ही पल्स पोलिओची तारीख पहिल्या पानावर चौकटीत छापता, तशी तालुक्याच्या पानावर कोंबड्यांच्या लसीची तारीख छापा. चौकट छोटी चालेल. आमच्या वाडीची पुढची संध्याकाळ येत्या शनिवारी आहे, कोणाला बघायला यायचं असेल तर सातला या, येताना टॉर्च आणा. फणसाची खालची फांदी आम्ही तोडून ठेवली आहे.

आपला,
एक वाचक
ता. लांजा, जि. रत्नागिरी