जिनिंगची पट्टी एका गावाला, मजूर दुसऱ्या गावचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्याच्या आमसभेत परवा शाळांच्या निधीवरून खडाजंगी झाली. आपल्या अंकात ती ‘दोन गावांत वाद’ अशी चार ओळींत आली. वाद दोन गावांचा असता तर पारावर मिटला असता, म्हणून हे पत्र.

पारोळा-एरंडोल पट्ट्यात सुरत-नागपूर महामार्गाला लागून एक गाव आहे. नाला ओलांडून दीड किलोमीटर मागे आलं की आमचं. महामार्ग त्यांच्या शिवारातून गेला, म्हणून कापसाच्या दोन जिनिंग, पेट्रोलपंप, ढाबे, सगळं तिकडे आणि त्याची पट्टी, म्हणजे करही त्यांच्याच ग्रामपंचायतीत. त्या पैशातून त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेला कंपाउंड, फरशी, आरओचं पाणी आणि सोलर करून दिलं. कौतुकच आहे, गटारीपलीकडे पाहणाऱ्या ग्रामपंचायती आहेत किती? आमच्याकडे घरपट्टी-पाणीपट्टी वसूल झाली तरी विहिरीवरच्या मोटारीचं बिल भरून हात रिकामे. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आले, पण त्यातले 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले. राहिलेल्या 40 टक्क्यांत रस्ता, दिवाबत्ती, स्मशानशेड आणि नंबर लागलाच तर शाळा.

गंमत अशी, की दिवाळी ते होळी त्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बाया बऱ्याचशा आमच्या गावच्या. सकाळी सातला टेम्पो भरून जातात, अंधार पडल्यावर केसांत सरकी-कापूस घेऊन येतात. त्यांची पोरं आमच्या शाळेत.

आता शाळेचं सांगतो. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते पटावर. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, त्याच्या वर 100 पर्यंत 25 हजार. आमचा पट 33 होता. तीन पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली ती परतली नाहीत, दोन नाल्यापलीकडच्या शाळेत गेली. राहिले 28. पाच पोरं गेली, पंधरा हजार गेले. छप्पर मात्र तेवढंच आहे, मीटरही तेच. उरलेल्या 10 हजारांतला दहावा हिस्सा स्वच्छतेवर दाखवायचा, बाकीच्यात खडू, रजिस्टरं, दुरुस्ती आणि वीजबिल. बिल थकलं, मीटर कापलं. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेला टीव्ही खताच्या गोणीत बांधून कपाटावर ठेवलाय. दुसरीतल्या एका पोराने मला विचारलं, “गुरुजी, आमना टीव्ही काबर चालस नही?” तिसरी-चौथीच्या खोलीवर पत्रे आहेत. मार्चपासून शाळा सकाळची, तरी साडेदहा वाजले की त्या खोलीत बसवत नाही, पोरं ओट्यावर लिंबाच्या सावलीत सरकतात. पावसाळ्यात त्याच पत्र्याखाली दोन बादल्या लावतो.

आमसभेत पलीकडचे सरपंच म्हणाले, धूळ आम्ही खातो, ट्रकखाली आमची माणसं येतात, मग पट्टी आमच्याच पोरांना. खोटं काय त्यात? त्यांच्या पट्टीतला एक रुपया मला नको. माझं भांडण पुढच्या पैशाशी आहे. जिल्हा परिषदेचा सेस (तिचा स्वतःच्या उत्पन्नाचा पैसा) आणि जिल्हा नियोजनचा निधी साऱ्या जिल्ह्याचा. तोसुद्धा वळून वळून तिकडेच जातो. नवी वर्गखोली त्यांना मंजूर, कारण ‘लोकसहभाग दिसतो’. प्रस्ताव टाइप करून द्यायला त्यांच्याकडे माणूस आहे, शिवाय साहेबांची गाडी येता-जाता त्यांच्या दारावरून जाते. ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेत तालुक्यात पहिल्या शाळेला 3 लाख होते. कंपाउंड नसलेल्या शाळेने त्यात उतरायचं तरी कसं? म्हणजे आधी पैसा असला की शाळा सुंदर होते, आणि सुंदर झाली की आणखी पैसा.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. माझा भाचा टेक्सासात असतो. तिथे शाळांचा बराच खर्च त्या त्या भागातल्या मालमत्ता करावर चालतो. गरीब वस्तीतले पालक थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1973 साली 5 विरुद्ध 4 मतांनी हरले. पुढे 1989 मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही असं एकमताने ठरवलं. 1993 पासून श्रीमंत भागांचा जास्तीचा कर गरीब भागांच्या शाळांकडे वळवतात, लोक त्याला ‘रॉबिनहूड’ म्हणतात. त्यावरही भांडणं आहेतच, म्हणे.

आपल्याला तर इतक्या लांब जायची गरज नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 22 म्हणतं, शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने अनुदान त्याच्या आधारे द्यायचं. आधार आराखड्याचा. पुढाऱ्याच्या वजनाचा किंवा फाटकाच्या रंगाचा नव्हे. समितीत मी शिक्षणतज्ज्ञ म्हणून आहे (तज्ज्ञ कसला, गावात निवृत्त मास्तर मी एकटाच). मुख्याध्यापक बाई आणि मी दोन रात्री बसून आराखडा केला. पत्रे, मीटर, मुलींच्या मुतारीला दार, पाण्याची टाकी. याच क्रमाने. कागद केंद्रप्रमुखांमार्फत वर गेला, त्याला आता तिसरं वर्ष. मंजूर नाही आणि नामंजूरही नाही.

पंचायत समितीच्या फलकावर एकच तक्ता लावा. शाळेचं नाव, तिने आराखड्यात काय मागितलं, पाच वर्षांत जिल्हा परिषदेकडून आणि नियोजनमधून काय मिळालं, गावाने स्वतः काय घातलं. ज्यांच्या रकान्यांत शून्य, त्यांच्यापासून वाटपाला सुरुवात करा. बाकी चर्चा पुढच्या आमसभेत करू.

पत्र्यांसाठी आम्ही वर्गणी काढली आहे. त्यातली बरीचशी जिनिंगच्या बायांनी हप्त्याच्या मजुरीतून दिली. आराखड्याची शिक्का मारलेली पोच माझ्या पिशवीत असते. कोणत्याही साहेबांना पाहायची असेल, तर येऊन दाखवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. जळगाव