विकायचा माल ‘पर्सनल’ म्हणून नेऊ नका, आणि नेणाऱ्यांना कोणीतरी नीट सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विमानतळावर अमुक किलो सोनं पकडलं, पेस्ट करून आणलं होतं, पट्ट्यात लपवलं होतं, अशा बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येत असतात आणि आम्ही त्या वाचतोही. पण ज्यांच्या बॅगेत सोनंबिनं काही नसतं, साड्या, मोत्याचे दागिने, भाजणीची पाकिटं असतात आणि ज्यांना काही लपवायचंही नसतं, अशा बायकांबद्दल कुठेच काही येत नाही, म्हणून हे पत्र.

पार्ल्यात, दादरला, डोंबिवलीला घरून साड्या आणि दागिने विकणाऱ्या कितीतरी जणी आता परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमात स्टॉल लावतात. दुबई, लंडन, सिंगापूर, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचं उत्तर अमेरिकेतलं अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं, तिथे तर इथून स्टॉलवाले जातातच. मला याचा खूप अभिमान वाटतो. घरच्या कपाटातून सुरू केलेला धंदा लंडनपर्यंत जातो ही काय लहान गोष्ट आहे का. पण माल न्यायचा कसा हे यांना कोणी सांगतच नाही, आणि जे सांगतात ते चुकीचं सांगतात.

परवा एका मैत्रिणीकडे पॅकिंग चाललं होतं. हॉलमध्ये सतरंजी, त्यावर मलमलमध्ये गुंडाळलेल्या पैठण्या, बाजूला तन्मणी आणि चिंचपेट्यांच्या डब्या, आणि ती खाली बसून कात्रीने एकेक प्राइस टॅग कापत होती, कारण तिच्या ट्रॅव्हल एजंटने फोनवर सांगितलं होतं, ‘ताई टॅग कापा, विचारलं तर भाचीचं लग्न आहे म्हणा, सगळं पर्सनल म्हणा.’ मी आधी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. अगं, एकाच डिझाइनचे डझनभर तन्मणी बघून कोणताही अधिकारी ओळखणार की हा विकायचा माल आहे, आणि एकदा खोटं बोललीस की मग तुझं खरंही कोणी ऐकणार नाही. माल सरळ, धंदा सरळ, बिलं फाइलमध्ये लावलेली, आणि एका फुकट सल्ल्यापायी ही बाई अडकली असती.

मुळात प्रवाशाला जी ड्युटी-फ्री सूट मिळते ना, ती स्वतःच्या वापरासाठी आणि भेटवस्तूंसाठी, विकायच्या मालाला नाही. लोक तिचा आकडा तेवढा लक्षात ठेवतात. आपल्याकडे परतताना ही सूट २०१४ ला ३५ हजारांवरून ४५ हजार झाली, २०१६ च्या नियमांत ५० हजार आणि २०२६ च्या नियमांत ७५ हजार. आकडा वाढला की लगेच कोणीतरी म्हणतं, चला आता बँकॉकहून तेवढ्या कुर्त्या आणता येतील. नाही येत! विकायला आणताय तर ते बॅगेज नाही, ती इम्पोर्ट, तिला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड लागतो. घरातल्या सगळ्यांची सूट एकत्र धरून एक महागडी वस्तू सोडवून घेऊ असंही चालत नाही, ज्याची त्याला. सुटीच्या वरच्या सामानावर ३५ टक्के ड्युटी आणि सरचार्ज मिळून ३८.५ टक्के बसतात, पण तेही प्रामाणिक बॅगेजला. ग्रीन चॅनलमधून, म्हणजे ‘ड्युटी लागेल असं काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या रांगेतून निघालात आणि बॅगेत माल सापडला तर तो जप्त होऊ शकतो, वर दंड, आणि सोडवून घ्यायचा तर रिडम्प्शन फाइन वेगळा. चोरून माल आणायच्या खेपा मारणाऱ्यांनी तो खर्च आधीच हिशेबात धरलेला असतो, तो त्यांचा धंदाच आहे, आपल्या बायकांचं मात्र वर्षाचं भांडवल त्यात जातं.

जाताना तर प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. ब्रिटनमध्ये प्रवाशाला वैयक्तिक सामानावर ३९० पौंडांची सूट आहे पण विकायच्या मालाला सूट शून्य, थोडासाच असला तरी डिक्लेअर करायचा. २,५०० पौंडांपर्यंतचा माल असेल तर ते ऑनलाइन करता येतं, म्हणजे सोपं आहे हो, फक्त माहीत पाहिजे. अमेरिकेतही २,५०० डॉलरच्या आतल्या मालाला साधी पद्धत आहे. खाण्याच्या वस्तूंचं तर विचारूच नका. दुबईला फराळ नेणाऱ्यांनी हे आधी वाचा, तिथे खसखस बंद आहे, ड्रगमध्ये धरतात. आता अनारसे खसखशीवर थापल्याशिवाय होतात का? म्हणजे ज्या डब्याचं आपल्याला कौतुक तोच डबा तिथे पोलिस केस होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही, त्यावरच्या किडीमुळे तिथल्या संत्र्यालिंबांना रोग होतो म्हणून. ही कारणं खरी आहेत, ते लोक उगाच त्रास देतात असं म्हणून उपयोग नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे आयईसी काढा. डीजीएफटी, म्हणजे केंद्र सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या साइटवर ऑनलाइन निघतो, पॅनवर, ५०० रुपये फी. दुसरं, माल बॅगेत कोंबण्यापेक्षा आधी पाठवून द्या, कुरिअरने नाहीतर पोस्टाने. पोस्टाची डाक घर निर्यात केंद्रं खास छोट्या विक्रेत्यांसाठीच काढलीत, कागद तिथेच होतात, आणि आमच्याकडच्या निम्म्या बायकांनी हे नावही ऐकलेलं नाही! माल सोबतच न्यायचा असेल तर बिल, पॅकिंग लिस्ट आणि एक्स्पोर्टचा कागद करूनच निघा. न विकलेल्या साड्या परत आणताना त्या इथूनच गेल्या होत्या हे त्या कागदावरूनच दाखवता येतं, नाहीतर आपल्याच येवल्याच्या पैठणीवर ड्युटी भरायची वेळ येते. फक्त प्रदर्शनात मांडायचा आणि जसाच्या तसा परत आणायचा माल असेल तर फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे ड्युटी न भरता माल तात्पुरता नेण्याचा कागद मिळतो, पण त्यावर नेलेलं विकता येत नाही, आणि बँक गॅरंटी किंवा तशी काही हमी द्यावी लागते, त्यामुळे दोन बॅगा घेऊन जाणाऱ्या बाईला ते झेपत नाही.

आणि स्वतःच्या अंगावरचं सोनं. स्टॉलवर उभं राहायचं म्हणजे ठुशी, पाटल्या घालून जाणारच. जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, त्यात दागिन्याचं वर्णन आणि वजन लिहिलेलं असतं, येताना तेच दाखवायचं. कॅमेरा, लॅपटॉपचंही होतं. मात्र बॅग चेक-इनला देण्याआधी करा, वस्तू समोर दाखवावी लागते, आणि तासभर लवकर पोचा. येताना थोडी जरी शंका असेल तर सरळ रेड चॅनलला जा. रेड चॅनल म्हणजे गुन्हेगारांची रांग नव्हे, तिथे सांगायचं, लागत असेल ती ड्युटी भरायची आणि पावती घ्यायची.

माझं सरकारला एवढंच मागणं आहे की विमानतळांच्या डिपार्चर हॉलमध्ये, शिरल्या शिरल्या दिसेल असा मराठीत मोठा बोर्ड असावा, विकायचा माल असेल तर इथे या, सर्टिफिकेट इथे मिळेल. बचत गटांना मसाले कुटायचं आणि पॅकेजिंगचं ट्रेनिंग देतात ना, त्यात अर्धा दिवस या विषयाला द्या, कस्टम्समधलाच कोणीतरी येऊन बोलू दे, प्रश्न विचारू दे. आणि स्टॉल विकणाऱ्या आयोजकांनीही भाड्याची रक्कम कळवताना सोबत त्या देशाच्या नियमांचं एक पान पाठवावं. भाडं घेतात तर एवढं त्यांनी करायलाच हवं.

तुम्हालाही विनंती आहे. एक पूर्ण पान या विषयावर छापा, कोणत्या देशात काय चालतं, कागद कुठे मिळतात, सगळं. दिवाळीच्या स्टॉलची बुकिंगं गणपतीच्या आसपासच सुरू होतात आणि माल त्याआधीच भरला जातो, म्हणून ते श्रावणात छापलंत तर जास्त जणींना उपयोग होईल.

– एक साडी विक्रेती, विलेपार्ले (पूर्व), मुंबई