गाडीत एलईडी लावा, पण होल्डर ओळखून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी वर्धा रोडवर काही गाड्यांचे इंडिकेटर धाप लागल्यासारखे भरभर लुकलुकताना दिसतात. बहुतेकदा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, चांगलाच असतो, एलईडी बसवताना करंटचा हिशेब राहून गेलेला असतो. इंडिकेटरचा साधा बल्ब 21 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढणारा. त्याच्या जागी आलेला एलईडी त्याच्या पाव हिश्श्याइतकाही ओढत नाही. मग फ्लॅशर बल्ब उडाला असं धरतो आणि चालकाच्या लक्षात यावं म्हणून वेग वाढवतो. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळाच लुकलुकायला हवा.

यावर दुकानात हमखास 6 ओम, 50 वॅटचा रेझिस्टर, म्हणजे कमी पडलेला करंट ओढणारा भाग, बल्बला समांतर जोडून देतात. इंजिन सुरू असताना 14 व्होल्टवर तो 33 वॅटची नुसती उष्णता करतो. त्याला हात लावला तर चटका बसतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात डिकीचा पत्रा आधीच तापलेला असतो. प्लास्टिकच्या पट्टीने वायरिंगलाच बांधून टाकलेला रेझिस्टर वायरीचं आवरण वितळवतो. लावायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने कसा, प्लास्टिक आणि अस्तरापासून लांब. ब्रेक लाइटला मात्र शक्यतो लावूच नका. इंडिकेटरमध्ये तो निम्मा वेळ बंद असतो, पण व्हेरायटी चौकात ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहिलं की तो सलग तापतो. जुन्या गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणं कितीतरी चांगलं. पिनांची जुळणी तेवढी पाहून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे चालवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर, करतं, बदलायला रिलेच नसतो. अशा गाडीत इंडिकेटरचे बल्ब साधेच राहू द्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बल्ब घेताना जुन्या बल्बच्या टोपीवरचा नंबर वाचा. पी21डब्ल्यू एका तारेचा (फिलामेंटचा), पी21/5डब्ल्यू टेल आणि ब्रेक असा दोन तारांचा, पीवाय21डब्ल्यू पिवळ्या इंडिकेटरचा. पीवाय21डब्ल्यूच्या दोन पिना समोरासमोर नसतात, मुद्दाम थोड्या सरकवलेल्या असतात. पांढरा बल्ब चुकून इंडिकेटरमध्ये जाऊ नये म्हणून. ती पिन कानशीने घासून बल्ब बसवणारे पाहिले की वाईट वाटतं. लाल काचेमागे लालच एलईडी हवा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो, बाकीचा काच अडवते, आणि ब्रेक लाइट फिका गुलाबी दिसतो. पार्किंग आणि नंबर प्लेटच्या छोट्या बिनपिनेच्या बल्बांना एलईडी बिनधास्त लावा. पेटला नाही तर उपसून उलटा घाला, तिथे प्लस-मायनसचाच घोळ असतो.

होल्डर उघडलाच आहे तर त्यातला हिरवट गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी मायनसची जोडणी, कच्चा असला की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटतो, आणि एलईडीत तो दोष जास्त उठून दिसतो. काम झाल्यावर भर दुपारी उन्हात गाडीमागे वीस पावलं जा, मग दोन्ही बाजूंना सरका. टेल चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. उजेडातला फरक एका नजरेत कळला नाही, किंवा बाजूने फक्त मधला ठिपका दिसला, तर तो बल्ब परत करा.

हेडलाइटची गोष्ट वेगळी आहे. एच4 या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत झोत जात नाही. रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप एखाद-दोन मिलिमीटर जरी सरकली तरी झोत फुटतो, आणि काटोल रोडवर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला रस्त्याची कडाच दिसेनाशी होते. शिवाय एलईडीला मागे थंड करणारा पंखा असल्याने रबरी टोपण नीट बसत नाही, पावसाळ्यात आत पाणी साचतं. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी घातला की ती मंजुरीही लागू राहत नाही. दुकानदारांनी गिऱ्हाइकाला हे विकण्याआधी सांगावं आणि आरटीओने फिटनेस तपासणीत डिपरचा झोत भिंतीवर पाहावा, एवढी आमची मागणी आहे.

काढलेले जुने बल्ब कागदात गुंडाळून डिकीत ठेवा, एलईडी वाटेत बंद पडला तर कामी येतात. मात्र रेझिस्टर जोडलेला असेल तर आधी तो सोडवा, नाहीतर त्याच वायरीतून दुपटीहून जास्त करंट जाईल.

आपले,
काही ऑटो इलेक्ट्रिशियन, नागपूर