आधी कवडसे मोज

ठाणे, ८ मे

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला. "मग घर विकून टाकूया का?" असं तू म्हणालीस आणि मला पुढे बोलवेना. रात्री झोप लागली नाही. फोनवर तू मध्येच तोडतेस, मी चिडते, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले आहे. माझा खुबा बरा आहे. वॉकर सुटला, आता काठी आहे. डॉक्टर गणपतीपर्यंत प्रवास नको म्हणतात, तेव्हा तोवर तरी गावचं घर तुझ्यावरच आहे.

वहिनीने तुझा व्हिडिओ दाखवला. तू आढ्याशी, छपराच्या माथ्यावर उभी, हातात कौल, मागे माडांचे शेंडे आणि खाडीचं पाणी. फार छान दिसत होतीस. बाबा असते तर त्यांनी तो सगळ्या वाडीला दाखवला असता. पण माझे डोळे तुझ्या पायांवर होते. तुझा डावा पाय कौलाच्या मधोमध होता, खाली वासा नव्हता. कौल फुटलं असतं तर पाय मांडीपर्यंत आत गेला असता, आणि खाली माजघराची कोब्याची जमीन. तिथून ती उंची तूच मोज.

ताई, कौलांवर तू स्वतः चढू नकोस. मला एवढंच लिहायचं होतं. आता बाकीचं लिहिते.

शाकारणी, म्हणजे पावसाआधीची कौलांची डागडुजी, वरूनच करायची असते असं तुला का वाटतं ते मला कळतं. तू लहानपणी बाबांना नेहमी वर पाहिलंस. पण बाबा मुंबईहून मे महिन्याचे पंधरा दिवस यायचे. उरलेले साडेअकरा महिने ते घर कोण बघत होतं? मी एकदाही वर चढले नाही, आणि माझ्या हातात होतं तोवर माजघरात पाण्याचा थेंब पडला नाही.

माझी रीत अशी होती. या आठवड्यात आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, अंगणात उभं राहिलं तर सावली पायाखाली जाते. त्या वेळी माजघराची दारं-खिडक्या लावून घे, दिवे बंद कर आणि पाच मिनिटं नुसती उभी राहा. डोळे अंधाराला सरावले की जमिनीवर कवडसे दिसू लागतील. काचेच्या कौलाचा मोठा चौकोन सोडून दे. बाकी जो रुपयाएवढा, चवलीएवढा ठिपका दिसेल तिथे वर कौल तडकलंय किंवा सरकलंय. मी प्रत्येक ठिपक्याभोवती कोळशाने गोल करायचे. तू चार-पाच वर्षांची असशील, वाटी घेऊन माझ्या मागे फिरायचीस आणि प्रत्येक कवडशात वाटी ठेवायचीस. "आई, ऊन भरलं" म्हणायचीस. मग ऊन सरकायचं, वाटी रिकामी व्हायची आणि तू रडायला लागायचीस. मला ते सगळं काल रात्री इतकं स्पष्ट दिसत होतं.

तर, आधी कवडसे मोज. किती आहेत ते वहीत लिही. पण एक लक्षात ठेव, कवडसा पडतो त्याच जागी पाणी गळेल असं नाही. पाणी फटीतून आत आलं की रिपेवरून, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवरून धावतं, वाशाला लागतं, वाशावरून उतरत उतरत दोन हात लांब कुठेतरी ठिबकतं. गेल्या पावसात देवघराच्या कोपऱ्यात ओल आली होती ना, तिचं मूळ देवघरावर शोधू नकोस. तिथून आढ्याच्या दिशेने वर वर बघत जा.

आणि फुटकं कौल आतून बदलता येतं. माळ्यावर जा, स्टूल घे, कुणाला तरी स्टूल धरायला लाव. वरच्या ओळीतलं कौल टोकाला बेळकं, म्हणजे फाटा असलेल्या काठीने बोटभर उचललं की खालचं फुटकं निघतं. नवं सरकवताना त्याची कडेची खाच शेजारच्या कौलाच्या खाचेत बसली पाहिजे, आणि खालच्या अंगाची खुंटी रिपेला अडकली पाहिजे. अडकली की टक् असा बारीक आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय हात काढू नकोस. कौल अडीच-तीन किलोचं असतं आणि पाणी प्यायलेलं त्याहून जड. खाली कुणी उभं नको. जुन्या कौलांची चळत गोठ्यामागे आहे ती थेट हाताने उचलू नकोस, आधी काठीने हलव. तिथे विंचू असतात. एकदा घोणसही निघाली होती.

आढ्यावरची कौलं, म्हणजे कोने, मात्र आतून होत नाहीत. वाऱ्याने आणि वानरांनी त्यांचे सांधे उखडलेले असणार. त्यासाठी खालच्या वाडीतले दोघं बापलेक आहेत, त्यांनाच बोलाव. ते अनवाणी चढतात. पाखावर, म्हणजे छपराच्या उतारावर, शिडी आडवी टाकून तिच्यावर भार देतात, म्हणजे एका कौलावर वजन येत नाही, आणि कमरेचा दोर आढ्याला बांधतात. हे ते पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. आता त्यांना दहा घरी बोलावणी असतात म्हणून ते आज-उद्या करतात. तू रोज सकाळी जाऊन उभी राहा, पण ते येत नाहीत म्हणून स्वतः वर जाऊ नकोस. रोहिणी लागेपर्यंत थांबायला हरकत नाही. मृग तोंडावर आला आणि ते आलेच नाहीत तर त्या पाखावर ताडपत्री घालून घे आणि एक पावसाळा तशीच जाऊ दे. एक वासा गेला तर जाईल. वासा नवा घालता येतो.

भाईकाकांचं तुला माहीत आहे. पण तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, तुला माहीत आहे ते ऐकीव. वळवाची एक सर येऊन गेली होती. कौलांवर मागच्या वर्षीचं वाळलेलं शेवाळ असतं, ते एका सरीत पुन्हा जिवंत होतं, आणि खालून बघणाऱ्याला त्यात फरक दिसत नाही. "दोनच कौलं राहिलीत वहिनी, चहा टाका," असं ते म्हणाले. मी आत वळले. चहाचं पाणी उकळेपर्यंतसुद्धा वेळ गेला नाही. यापुढचं मी लिहीत नाही.

हे मी लिहिणार नव्हते. तुला घाबरवायचं नाही, हे पत्र सुरू करतानाच ठरवलं होतं. दुसरं काही सांगते.

तू गावभर सांगितलंस की घर १८६५ सालचं आहे, कारण कौलावर तसं कोरलंय. बाळा, तो घराचा सन नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५, आणि कारखान्याच्या नावाबरोबर ते साल ते कौलावर उमटवायचे. आपलं घर १९१२ चं. आधी गवताने शाकारलेलं होतं. तुझ्या पणजोबांनी हर्णै बंदरावर गलबतातून उतरलेली कौलं घेतली आणि बैलगाड्यांनी आणली, असं आत्याबाई सांगायच्या. म्हणजे त्यातली काही कौलं शंभर पावसाळे सोसून अजून वाजवली तर खणखणतात. बोटाच्या पेराने वाजवून बघ. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते काढायचं. म्हणून सगळी कौलं उतरवून पत्रे घालायचा विचार तू सोड. गोठ्यावर पत्रा चालेल, राहत्या घरावर नको. उन्हाळ्यात आत राहवणार नाही, आणि पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही.

आणि निसर्ग वादळात काय झालं ते तू पाहिलं नाहीस, तू पुण्यात अडकली होतीस. ३ जून २०२०. सकाळपासून वारा होता, दुपारी त्याचा आवाज बदलला. बाबा आणि मी माजघर आणि देवघर यांच्यामधल्या दारात बसलो होतो, कारण तिथे भिंत दोन हात जाड आहे. शेजारच्या नव्या बंगल्याचे पत्रे लोखंडी सांगाड्यासकट उडून आपल्या पोफळीत पडले. आपली कौलं पश्चिमेच्या पाखावरची गेली, पण सुटी सुटी गेली. वाऱ्याला वाट मिळाली आणि वासे जागेवर राहिले. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती आणि बाजारात कौल मिळेना. गोठ्यामागच्या त्या चळतीने आपल्याला तारलं. म्हणून चांगलं जुनं कौल कधी विकू नकोस, कुणी सजावटीला मागितलं तरी.

त्या वादळानंतर बाबा एकाहत्तराव्या वर्षी ताडपत्री घेऊन वर चढले. मी खाली उभी राहून ओरडत होते. ते ऐकत नव्हते, तुझ्यासारखेच. ते सुखरूप उतरले, पण माझे हात रात्रीपर्यंत थरथरत होते. तेव्हा "बाबा चढले होते" असं मला पुन्हा सांगू नकोस.

भिंतीचं सांगायचं राहिलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीचे पोपडे पडतात म्हणून तू सिमेंटचा गिलावा करून घेणार आहेस असं दादा म्हणाला. तीच चूक आम्ही १९९६ साली केली, त्याच भिंतीला. चिरा, म्हणजे भिंतीतला जांभा दगड, पाणी पितो. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, वाऱ्याला ठेवला की कडक होतो, पण त्याची भोकं तशीच राहतात. पावसाळ्यात प्यायलेलं पाणी तो हिवाळ्यात हळूहळू सोडतो. वरून सिमेंट चढवलं की पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही, ते आत कोंडतं, आणि गिलाव्याला फुगवून पाडतं. ओटीच्या भिंतीला अजून पणजोबांचा चुन्याचा गिलावा आहे, तिथे हात लावून बघ आणि मग मागच्या भिंतीला लाव. तुझं तुलाच कळेल. आधीचं सिमेंट टाकीने हळूहळू काढायला लाव, एक हिवाळा आणि एक उन्हाळा भिंत उघडी वाळू दे, आणि मग चुना. चुना घाईचा नाही. विरवलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला. पावसाळ्यापुरती पश्चिमेला माडाच्या झापांची झड, म्हणजे पावसाला आडोसा, बांध, पूर्वी बांधायचो तशी.

वाळवीसाठी दर पौर्णिमेला सगळ्या वाशांवर हातोडीच्या दांड्याने टकटक करून बघ. पौर्णिमेला एवढ्यासाठी, की म्हणजे विसरणार नाहीस. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर नुसती पुसून टाकू नकोस, ती कुठून निघाली ते शोध. बहुतेक न्हाणीजवळून निघते. वाशाचं टोक कुजलं असेल तर आख्खा वासा फेकू नकोस. ते किंजळीचे वासे आता मिळणार नाहीत. कुजकं टोक कापून चांगल्या लाकडाचा सांधा दे. सुताराचा मुलगा हे काम करतो, त्याच्या बापाच्या हाताचे दोन सांधे माळ्यावर आहेत, त्याला दाखव. काजूच्या टरफलाचं तेल लावशील तर हातमोजे घाल, अंगावर उततं.

आणि आपल्या खांबावरून येणारी वीजवायर पडवीच्या कौलांवरून चार हातांवर आहे. तू जी ॲल्युमिनियमची शिडी घेतलीस ती त्या बाजूला अजिबात उभी करू नकोस. बांबूची शिडी गोठ्यात आहे. म्हणजे ती घेऊन वर चढ असं मी म्हणत नाही.

किती लिहिलं मी. वाचताना तुला शाळा आठवेल, माफ कर. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, ती सवय जात नाही. दादाने हक्कसोडपत्रावर सही केली त्या दिवशी सगळे म्हणाले, मुलीच्या नावावर कोकणातलं घर करून काय उपयोग, ती पुण्याची. मी काही बोलले नाही. मागच्या महिन्यात तू घरपट्टीच्या पावतीचा फोटो पाठवलास, त्यावर तुझं नाव होतं. तो फोटो मी प्रिंट काढून पाकिटात ठेवलाय. बाबांच्या फोटोमागे. त्या घरात मी सून म्हणून आले, पन्नास वर्षं सारवलं, पण कागदावर माझं नाव कधी आलं नाही. तुझं आलं. हे मला फोनवर सांगता आलं नसतं.

घर विकायचं असेल तर वीक. मी रडेन, पण तुला अडवणार नाही. तू फक्त वर नको जाऊस.

दादा सोमवारी येतोय. त्याच्याबरोबर दोर आणि चांगल्या पकडीचे बूट पाठवते आहे. बूट त्या बापलेकांना दे. ते घालणार नाहीत, तरी दे.

मुलांना आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
आई

ता. क. कवडसे मोजलेस की आकडा फोनवर सांग. माझ्या वेळी एकदा एकोणतीस निघाले होते. दुपारी पाऊणला फोन कर, मी जागी असते.