स्टीम कंट्रोलर नेमका कुठे अडला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘स्टीम’ हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान आणि त्याचं ॲप चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा स्टीम कंट्रोलर, म्हणजे दोन हातांत धरून गेम खेळायचा गेमपॅड, जाहीर केला आणि दहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या कंट्रोलरचा विषय पुन्हा निघाला. ‘लोकांना नवं काही नको असतं, म्हणून तो पडला’ असं त्यावर सर्रास बोललं जातं. हे मला मुळीच पटत नाही. १० नोव्हेंबर २०१५ ला ४९.९९ डॉलरला बाजारात आलेला हा कंट्रोलर जून २०१६ पर्यंत पाच लाखांच्या वर खपला होता. म्हणजे पैसे मोजून नवं करून बघायला माणसं तयार होती. घरी आणल्यावर मात्र तो हाताला बसेना, आणि तो का बसेना हे नेमकं सांगता येतं.

उजव्या अंगठ्याखालची स्टिक, म्हणजे ढकलायची छोटी दांडी, काढून तिथे गोल टचपॅड बसवायचं, ही त्यातली मुख्य कल्पना. कॉम्प्युटरवरचे असंख्य गेम माऊससाठी बनलेले. ते सोफ्यावर बसून खेळता यावेत म्हणून ही खटपट होती. पॅडखाली कंपन देणारं यंत्र होतं, त्यामुळे अंगठा फिरवला की खाली दातेरी चाक फिरल्यासारखी बारीक टिकटिक बोटाला जाणवायची. ती खरोखर सुंदर होती.

अडचण पुढे होती. स्टिक गेमला वेग सांगते, माऊस अंतर सांगतो. स्टिक पूर्ण रेटली तरी गेमने ठरवलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेगाने पात्र वळत नाही. पॅडवर अंगठा क्षणार्धात या टोकापासून त्या टोकाला जातो. ती हालचाल स्टिकची म्हणून गेमला पाठवली, तर कमाल वेगाच्या वरचं सगळं वाया जातं. अंगठा हळूच हलवला, तर ती हालचाल स्टिकच्या मधल्या ‘डेड झोन’मध्ये (जिथली बारीक हालचाल मोजलीच जात नाही) विरते आणि नेम हलतच नाही. म्हणून पॅड माऊस म्हणूनच चालवायला हवं. पण त्या काळातले बरेच गेम एका वेळी एकच साधन मानत: एकतर गेमपॅड, नाहीतर माऊस-कीबोर्ड. डाव्या स्टिकने चालताना उजव्या पॅडने वळलं की पडद्यावरच्या सूचना क्षणात ‘ए बटण दाबा’, क्षणात ‘ई की दाबा’ अशा लुकलुकायच्या. काही गेममध्ये चालणारं पात्र मध्येच थबकायचं. सगळंच कीबोर्डवर बसवावं, तर डावी स्टिक चार कींची होते. मग हळू चालणं जातं, दिशा आठच उरतात, आणि पडद्यावर ‘आर’ दिसलं की तो आपल्या कुठल्या बटणावर आहे हे खेळणाऱ्याने लक्षात ठेवायचं. ही गाठ खरं तर गेम बनवणाऱ्यांनी सोडवायची होती. ती येऊन पडली गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

चांगली मांडणी, म्हणजे कुठल्या पॅडने आणि बटणाने काय व्हावं याची जुळणी, जमत नव्हती असं नाही. उजवं पॅड ‘माऊस’ करायचं, ‘ट्रॅकबॉल’ (अंगठा उचलल्यावरही नेम चेंडूसारखा थोडा घरंगळत राहतो ती सोय) चालू ठेवायचा, घर्षण मध्यम ठेवायचं. संवेदनशीलता अशी लावायची की पॅडच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच्या एका फटक्यात पात्र साधारण अर्धा फेर वळेल. मग जायरो, म्हणजे कंट्रोलर कलला-वळला की ते ओळखणारा सेन्सर, तोही ‘माऊस’ करायचा, पण उजव्या पॅडला अंगठा टेकलेला असतानाच चालेल असा. मोठं वळण अंगठ्याने आणि शेवटचा बारीक नेम मनगटाने, हे एकदा जमलं की साध्या स्टिकपेक्षा नेम कितीतरी अचूक लागतो. पण तयार मांडण्यांपैकी बहुतेकांत जायरो बंदच असायचा. त्यामुळे ज्या गोष्टीसाठी हा कंट्रोलर घ्यावा तीच कित्येकांनी कधी अनुभवली नाही. इतरांनी बनवलेल्या मांडण्या डाउनलोड करता यायच्या. त्यांतली कुठली बरी, हे मात्र प्रत्येक गेमला नव्याने शोधावं लागे.

हातातल्या वस्तूतही दोष होते. ए-बी-एक्स-वाय ही बटणं पॅडच्या खाली, आतल्या बाजूला आणि आकाराने लहान. अंगठा पॅडवरून तिथे आणायचा तर पकड सैल करावी लागे. दिशांची वेगळी बटणं नव्हती. डाव्या पॅडवर अधिकचिन्हासारखी खोबण कोरली होती आणि पॅड दाबायचं. मारामारीच्या किंवा उड्यांच्या गेममध्ये तिरकी दिशा त्यावर हमखास चुकायची. वरची दोन खांद्याची बटणं कडक. मागच्या बाजूचं झाकण एकाच तुकड्याचं, तेच सेलचं झाकण आणि त्याचीच दोन टोकं म्हणजे मागची बटणं. ही युक्ती मात्र दाद देण्यासारखी. दोन पेन्सिल सेलवर तो ८० तासांपर्यंत चालायचा, याबद्दल तक्रारीला जागा नव्हती.

शिवाय स्टीम चालू नसेल तर हा गेमपॅड नव्हताच. विंडोजला तो माऊस-कीबोर्ड म्हणून दिसायचा. दुसऱ्या दुकानातून घेतलेला गेम आधी स्टीमच्या यादीत घालायचा आणि तिथूनच सुरू करायचा. तरीही कधीकधी मांडणी लागू होत नसे. एक्सबॉक्सचा पॅड केबल जोडताच चालत होता. त्यात हा ज्यांच्या जोडीने उतरला, ती ‘स्टीम मशीन्स’ (टीव्हीला जोडायचे गेमचे कॉम्प्युटर) विंडोजऐवजी लिनक्सवर चालायची. त्यांच्यावर तेव्हा गेम थोडे, म्हणून ती फारशी कोणी घेतलीच नाहीत.

मागच्या बटणांवरून आयर्नबर्ग या कंपनीने लावलेल्या पेटंट दाव्याने हा कंट्रोलर मेला, असंही म्हणतात. ज्यूरीने ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. विक्री त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पाच डॉलरला उरलासुरला माल काढून बंद झाली होती. पहिल्या वर्षी लोकांनी तो बाजूला का ठेवला, याचं उत्तर त्या खटल्यात सापडत नाही.

व्हॉल्व्हलाही चूक कळली असावी. २०२२ च्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमच्या कॉम्प्युटरवर दोन पूर्ण स्टिक, दिशांची बटणं आणि नेहमीच्या जागी ए-बी-एक्स-वाय आहेत; पॅड आणि जायरो त्यांच्या जोडीला आहेत. नव्या कंट्रोलरचीही हीच रचना आहे. नवं साधन ओळखीच्या साधनाशेजारी ठेवलं की शिकायला सवड मिळते. २०१५ मध्ये ती सवडच मिळाली नाही, याची मनापासून हळहळ वाटते.

ज्यांच्याकडे जुना कंट्रोलर पडून आहे त्यांनी तो टाकून देऊ नये. आधी सेल काढून टोकं बघावीत. बरेच दिवस ठेवलेले सेल गळतात आणि पत्र्यावर पांढरा थर धरतो. कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन तो पुसावा आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. डाँगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) हरवला असेल तरी २०१८ च्या अपडेटनंतर ब्लूटूथ चालतं. कंट्रोलर मायक्रो-यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून स्टीममधून फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं, केबल काढावी, बंद कंट्रोलरवर ‘वाय’ धरून मधलं स्टीमचं बटण दाबावं आणि कॉम्प्युटरच्या ब्लूटूथ यादीत तो शोधावा. पुढच्या वेळी ‘बी’ धरून चालू केला की ब्लूटूथवरच येतो. डाँगलवर परत न्यायचा तर ‘ए’ धरावं. सुरुवात पत्त्यांच्या किंवा डावपेचांच्या, घाई नसलेल्या गेमने करावी. फक्त उजवं पॅड माऊस म्हणून आणि ट्रिगरवर (पुढच्या बाजूच्या, बोटाने ओढायच्या बटणावर) क्लिक, एवढंच लावावं, आणि अंगठा सरावल्यावरच जायरो चालू करावा.

आपला,
एक वाचक, पुणे