खरेदीतून देणगी? टक्का बघा की

संपादक साहेब, दिवाळीच्या ऑनलाइन खरेदीत 'यातला काही भाग संस्थेला' असं दिसलं की बरं वाटतं, पण किती भाग ते कोण बघतंय? अ‍ॅमेझॉननं २०१३ला अमेरिकेत 'स्माईल' नावाची अशीच स्कीम काढलेली, खरेदीच्या अर्धा टक्का संस्थेला, म्हणजे आपल्या हिशेबानं हजाराला पाच रुपये (त्यात कटिंगपण येत नाही), आणि २०२३ला ती बंदच केली, शिवाय देणगी कंपनीच्या नावावर, गिऱ्हाइकाला करसवलत काय नाही. त्यापेक्षा कोल्हापुरातल्या संस्थांनी पणत्या, आकाशकंदील, फराळ व्हॉट्सअ‍ॅपवर विकायला काढावं आणि आपण ते घ्यावं, यूपीआयनं पैसे थेट त्यांच्या खात्यात. फक्त डिलिव्हरीचं तेवढं तालमीच्या पोरांनी बघितलं तर लई काम होईल.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर