शून्यसुद्धा वहीत लिही

कोल्हापूर

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खडकावरचे जीव मोजायचे आहेत म्हणून दिवाळीला तू येणार नाहीस म्हटल्यावर आई जरा फुगून बसली होती. मी समजावलं, लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या. अमावस्येला उधाण येतं, आणि उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली ओसरतं. एरवी बुडालेला खडक तेव्हाच उघडा पडतो, तोही पहाटे नि संध्याकाळी. "मग समुद्राला म्हणावं तिथी बदल," म्हणाली. चकल्या एसटीनं पाठवतोय.

गंमत बघ, आपल्याकडं पडलेलं पाणी पंचगंगेतून कृष्णेला मिळतं आणि पार बंगालच्या उपसागराला जातं. तू मात्र आंबा घाट उतरून सरळ रत्नागिरी गाठलीस!

तू सांगितलेली कॉनेल या जीवशास्त्रज्ञाची गोष्ट मला फार आवडली. स्कॉटलंडच्या खडकांवर एका जातीची बारकी बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे कवचवाले जीव, वरच्याच पट्ट्यात का राहतात, याचा त्यानं छडा लावला. खालची दांडगी जात खरवडून काढली, तर बारकी खालीही मजेत वाढली. म्हणजे खालचं पाणी त्यांना मानवत नव्हतं असं नाही, दांडगी त्यांना टिकू देत नव्हती. १९६१ साली हे छापून आलं. हत्यार काय, तर खरवडणं आणि पुन्हा पुन्हा जाऊन मोजणं.

तुम्ही खडकावर चौकट ठेवून तिच्या आतले जीव मोजता. पण फोनवर तू म्हणालीस, "चौकट टाकायला आम्ही छान भरलेली जागा शोधतो." हे काही मला पटलं नाही. अगं, दूध संस्थेत फॅट काढण्यात माझी हयात गेली. किटलीतलं दूध न ढवळता वरचा नमुना घेतला की साय येते आणि फॅट भरमसाट लागते. घालणारा खूश, पण आकडा खोटा. तुमच्या भरलेल्या जागा म्हणजे ती साय. खडकावर दोरी ताणा, चिठ्ठी काढा, जो आकडा निघेल त्या मीटरवर चौकट टाका. तिथं नुसता उघडा खडक निघाला तर वहीत शून्य लिही. बार्नॅकलची पिल्लं तिथं बसलीच नाहीत, उन्हानं वाळली, की शंखांनी खाल्ली, हे त्या शून्यामुळंच विचारता येईल. तुमच्या मॅडमना विचार, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणखी एक. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा कालच्या घड्याळावर आज जाऊ नका. मोजताना एकीनं समुद्राकडं बघत राहायचं. शेवाळावर चपला घालून नाचू नका, बूट घाला. उलटलेला दगड होता तसा ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. प्रवाळ दिसलं तर फोटोच काढा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे.

चिठ्ठ्या काढून मोजलेले आकडे आले की पाठव. आधीच्यापेक्षा कमी आले तरी पाठव, आणि जुने खोडू नकोस, शेजारीच लिही.

तुझे,
बाबा